न लिहिलेल्या ग्रंथाची दहशत

साताऱ्यात काय, सांगलीत काय, वाचनालयाचं कार्ड बाळगणाऱ्या एका अख्ख्या पिढीची झोप भयकथालेखक नारायण धारपांनी उडवली. त्यांच्या ‘आजी’ या कथेचा धागा २०१८च्या ‘तुंबाड’ चित्रपटात आला आणि साखळदंडांनी जखडलेली म्हातारी हस्तर या शापित देवाचं नाव काढताच गपगार झोपू लागली.

‘आजी’चं मूळ स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेत. तिथली अंथरुणाला खिळलेली आजी निषिद्ध पुस्तकं बाळगणारी. हस्तुर हे नावही तिथे आहेच.

असल्या पुस्तकांचा मूळपुरुष म्हणजे एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकी लेखकाचा ‘नेक्रोनॉमिकॉन’. अब्दुल अल्हाझरेद नावाच्या वेड्या अरबाने तो आठव्या शतकात दमास्कसमध्ये लिहिला म्हणे! प्रत्यक्षात ना तो अरब होता, ना तो ग्रंथ. पण १९२७ मध्ये लव्हक्राफ्टने त्याचा इतिहास मात्र चोख रचला. ९५० साली ग्रीक भाषांतर, १२२८ साली ओलाउस वर्मियसचं लॅटिन, शिल्लक प्रती ब्रिटिश म्युझियममध्ये आणि हार्वर्डच्या ग्रंथालयात. यातला वर्मियस खरा, डेन्मार्कचा वैद्य. फक्त तो जन्मला १५८८ साली!

एवढी चूक कोण तपासतो? तपशील ठसठशीत असला की थाप पचते. त्यात लव्हक्राफ्टच्या लेखकमित्रांनीही आपापल्या कथांत हा ग्रंथ घुसवला आणि काही वाचक तो खराच समजून चौकशी करू लागले.

पुढे १९७७ साली न्यूयॉर्कमध्ये ‘सायमन’ या टोपणनावाने एक ‘नेक्रोनॉमिकॉन’ चक्क छापून बाजारात आला. लव्हक्राफ्टला जाऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती.