मिठाला रेणू नाही



अध्यक्षाने आरंभी आपल्या अपात्रतेची कैफियत सविस्तर मांडावी अशी आपल्याकडील परिषदांची जुनी वहिवाट आहे; परंतु ज्या सभेने ती कैफियत न ऐकताच निकाल देऊन टाकला आहे, तिच्यापुढे नव्याने अर्ज गुदरण्यात अर्थ नाही; म्हणून आपले मनःपूर्वक आभार मानून मी थेट विषयाकडे वळतो. घनपदार्थांचे प्रकार आणि त्यांची अंतर्गत रचना हा धडा आपण सर्वांनीच वर्षानुवर्षे शिकवला आहे, आणि माझे स्पष्ट मत असे की, आपण तो उलट्या टोकाने शिकवतो.

फळ्यावर चार रकाने आखावयाचे. आयनांचे, सहसंयुज बंधांचे, धातूंचे आणि रेणूंचे घनपदार्थ असे मथळे द्यावयाचे. खाली कठीणपणा, वितळबिंदू व विद्युद्वाहकता यांच्या नोंदी उतरवून घ्यावयाच्या, की धडा संपला. महसुली दप्तरात जिरायत, बागायत आणि वरकस अशी जमिनीची प्रतवारी असते आणि साऱ्याची आकारणी तिच्याच आधारे होते, म्हणून ती निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही; पण केवळ ती प्रतवारी मुखोद्गत करून कोणाला माती ओळखता आल्याचे ऐकिवात नाही. ज्यांनी हे शास्त्र घडविले ते रकान्यांपासून निघाले नव्हते. स्टेनोने १६६९ मध्ये गारेच्या स्फटिकांविषयी लिहिले ते असे की, स्फटिक लहान असो वा मोठा, सुबक असो वा वेडावाकडा, त्याच्या संगत पृष्ठांमधील कोन मात्र बदलत नाहीत. आणि आबे आउई या फ्रेंच धर्मगुरूने कॅल्साइटचे तुकड्यांमागून तुकडे करीत, प्रत्येक तुकडा त्याच आकाराचा निघतो हे पाहून, अंतरंगात एकाच घटकाची नियमित पुनरावृत्ती असली पाहिजे असा तर्क १७८४ मध्ये मांडला.

त्या तर्काचा प्रत्यक्ष दाखला मिळावयास १९१२ साल उजाडावे लागले. म्युनिक येथे लाउए यांच्या कल्पनेनुसार फ्रीडरिख आणि क्निपिंग यांनी क्ष-किरणांची शलाका ज्या स्फटिकातून सोडली तो कोण्या दुर्मिळ रत्नाचा नव्हता. तो होता आपल्या शेतकऱ्याच्या परिचयाच्या मोरचुदाचा. छायापट्टीवर ठिपक्यांची सुव्यवस्थित आकृती उमटली, आणि पुढल्याच वर्षी धाकट्या ब्रॅग यांनी साध्या मिठाची घडण उलगडून दाखविली. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, आणि हाच क्रम सर्व दिशांना अखंड चाललेला! यात अमुक सोडियम अमुक क्लोरीनचा जोडीदार, असे बोट ठेवून सांगण्यास कोठेही जागा नाही. म्हणजे घनरूप मिठात मिठाचा रेणूच नाही, आणि आपण लिहितो ते सूत्र केवळ प्रमाण सांगणारे आहे.

रसायनशास्त्रज्ञांना हे सहजासहजी पचले नाही. हेन्री आर्मस्ट्राँग हे इंग्लंडमधील थोर रसायनज्ञ. त्यांनी १९२७ साली, वयाची पंचाहत्तरी उलटल्यानंतर, 'नेचर' साप्ताहिकात पत्र लिहून बुद्धिबळाच्या पटासारख्या या मांडणीचा कडक शब्दांत धिक्कार केला. त्या पत्राला हसणे सोपे आहे. मला मात्र त्यात वार्धक्याच्या हेक्यापेक्षा निष्ठा अधिक दिसते. कारण रेणू या एका कल्पनेवर ज्या शास्त्राने शतकभर संसार केला, त्याला घरातल्या नित्याच्या पदार्थातच रेणू नाही असे कोणी सांगितले, तर त्याने तक्रार करू नये काय? आर्मस्ट्राँग निदान भांडले. आमचा विद्यार्थी 'मिठाचा एक रेणू' असे उत्तरपत्रिकेत बिनदिक्कत लिहितो आणि आम्ही त्यास गुण देतो.

आता रकान्यांची परीक्षा पाहू. हिऱ्यात प्रत्येक कार्बनला चार शेजारी आहेत आणि बंधांचे जाळे सर्व दिशांना सारखेच बळकट आहे. ग्राफाइटमध्ये तोच कार्बन सपाट थरांत बसतो, थरातील शेजाऱ्यांचे अंतर १.४२ अँगस्ट्रॉम आणि थराथरांतील अंतर ३.३५, म्हणून थर सहज घसरतात, आणि थरांतून वीजही वाहते. ग्राफाइट सहसंयुज म्हणावा, धातूसारखा म्हणावा, की थरांमधील दुबळ्या आकर्षणाकडे पाहून रेणूंच्या घनांत ढकलावा? लोखंडाचेही तसेच आहे. सुमारे ९१२ अंश सेल्सिअसच्या वर त्याच्या अणूंची मांडणी पालटते, आणि त्या नव्या मांडणीत कार्बनला जी जागा मिळते ती थंड लोखंडात जवळजवळ नसते. लोहार तापल्या हत्याराला पाणी देतो तेव्हा बाहेर पडू पाहणारा कार्बन आतच कोंडला जातो आणि पाते कठीण होते. काचेविषयी एवढेच सांगतो की, झाकारिआसेन यांनी १९३२ मध्ये दाखविल्याप्रमाणे तिच्यात शेजाऱ्यांशी असलेले बंध स्फटिकासारखेच असतात, दूरवरचा क्रम मात्र नसतो.

या सर्वांहून शिकविण्यास योग्य पदार्थ आपल्या पायाखाली आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात, लाव्हा थिजताना वायूच्या बुडबुड्यांनी ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आदी झिओलाइटांचे स्फटिक वाढले आहेत. पुणे, नाशिक, जळगाव या जिल्ह्यांतील दगडखाणींतून निघालेले नमुने जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले आहेत, आणि आमच्या प्रयोगशाळांच्या कपाटांत बहुधा नाहीत. सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांच्याभोवती चार-चार ऑक्सिजन, त्यांच्या चौकटी कोपऱ्यांनी जोडलेल्या, आणि आत दालने. ॲल्युमिनियममुळे चौकटीवर आलेला ऋण प्रभार फेडण्यासाठी त्या दालनांत सोडियम-कॅल्शियमचे आयन आणि सोबत पाणी. बेताने तापवले तर पाणी निघून जाते, चौकट उभी राहते. चौकट सहसंयुज, रहिवासी आयन, पाहुणा रेणू: एका खड्यात तीन रकाने!

म्हणून अभ्यासमंडळांवर असलेल्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की, चार रकान्यांचा तक्ता धड्याच्या आरंभी न ठेवता अखेरीस ठेवावा, आणि त्याआधी विद्यार्थ्याच्या हाती मोरचूद, खडेमीठ, अभ्रक व ग्राफाइट देऊन ते त्याच्याकडून फोडवून घ्यावेत. आणि पुढील अधिवेशनास येताना प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या तालुक्यातील खाणीचा एक नमुना, तो कोठून व केव्हा मिळाला या नोंदीसह, बरोबर आणावा. त्यांची तपासणी करण्यास एक संपूर्ण सत्र राखून ठेवावे, असे मी कार्यकारी मंडळास सुचवितो.