बाळाची वाकळ

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त मातांच्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या सप्ताहांत आपण पुष्कळ मोठमोठ्या विषयांवर भाषणें ऐकलीं. आज आम्ही आपणांपुढें एक अगदीं लहान वस्तु घेऊन उभे आहों. ती म्हणजे तान्ह्या मुलाची वाकळ. धर्मगुरूनें सुईदोऱ्याविषयीं बोलावें याचें कित्येकींस नवल वाटेल, आणि कांहीं जणी पदराआड हसत आहेत हें आम्हांस येथून दिसतही आहे. परंतु हा विषय आम्हीं हौसेनें निवडलेला नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत घरोघरीं आशीर्वाद देत फिरत असतां आम्ही एका घरीं गेलों. पाळण्यांत तीन महिन्यांचें मूल होतें. त्याच्या अंगावर चकचकीत, कृत्रिम धाग्याचें ब्लँकेट होतें व मानेवर घामोळें उठलें होतें. दारांत बोहारीण बसली होती. घरची आजी त्याच वर्षीं प्रभूच्या घरीं गेली होती. तिचीं चार सुती लुगडीं बोहारणीच्या पुढ्यांत पडलीं होतीं, आणि मोबदल्यांत स्टीलचा डबा एक मिळावा कीं दोन, याची घासाघीस चालली होती. आम्हीं प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडलें व निघालों. लुगड्यांविषयीं एक शब्दही बोललों नाहीं. तें न बोललेलें आज बोलत आहों.

त्या घरच्या सुनेस आम्ही दोष देत नाहीं. बाजारांत मुलाचें पांघरूण स्वस्त मिळतें. येथून जवळच्या गांधीनगरची कापडपेठ दूरवर प्रसिद्ध आहे; फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनीं ती आपल्या कष्टानें उभी केली. त्याच जागीं, वळिवड्यास, १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलंड देशाच्या सुमारें ५००० निर्वासितांची छावणी होती, हें आपणांपैकीं वडील मंडळींनीं ऐकलें असेल. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलें होतीं, व तीं आपल्याच कॅथलिक धर्माचीं. सोव्हिएत सत्तेनें १९४० व १९४१ या सालांत त्यांना घरांतून उचलून सैबेरिया व कझाकस्तानकडे नेलें. तेथून सुटल्यावर इराणमार्गें तीं येथें पोहोंचलीं. त्या हिमाच्या मुलुखांत मूल जगविलेल्या आईस घरच्या पांघरुणाची किंमत कोणी सांगावी लागली नसेल. आणि आज त्याच भूमीवर नव्या कापडाचे ढीग आहेत व जुनें कापड आपल्या दारांतून बाहेर जात आहे.

कापड आपल्या जिल्ह्यास परकें नाहीं. इचलकरंजीस १९०४ सालीं विठ्ठलराव दातारांनीं पहिला यंत्रमाग चालविला. कोल्हापुरांत शाहू महाराजांच्या कारकीर्दींत १९०६ सालीं शाहू मिल निघाली. ती आतां बंद आहे. आपल्या आज्यांच्या पेट्यांतलें सुती लुगडें हें अशाच मागांवरचें, आणि वर्षानुवर्षांच्या धुण्यानें तें इतकें मऊ होतें कीं तसलें कापड कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहीं. त्याचीच वाकळ होते. आमच्या गोदाकांठीं तिला गोधडी म्हणतात, सीमेपलीकडे कानडी मुलुखांत कौदी म्हणतात.

आतां कापडाची निवड. सर्व कांहीं यावर अवलंबून आहे, म्हणून येथें थोडें थांबूं. कापड सूर्यासमोर धरावें. जेथें उजेड चाळणींतून यावा तसा येतो, तेथें तें विरलें असें समजावें. मग दोन्ही आंगठ्यांनीं उभें व आडवें ताणून पाहावें. चर्र असा आवाज आला तर तो भाग धड दिसला तरी बाहेरच्या थरास घेऊं नये. लुगडें बसण्याच्या जागीं व निऱ्यांच्या खालच्या अंगास झिजतें. सदऱ्याची कॉलर, कोपर व काख जाते, पण पाठ व खालचा घेर शाबूत राहतो. धोतर गुडघ्यापाशीं जातें. लुगड्याचा कांठ मात्र दाट विणीचा असल्यामुळें सर्वांत शेवटीं मरतो. तो फेकूं नये, वाकळेच्या चारही कडांस तोच लावावा, कारण वाकळ नेहमीं कडेनें फाटूं लागते. जर असेल ती उसवून टाकावी. ती मुलाच्या कातडीस बोंचते. बटणें, हूक, टांचण्या यांतलें कांहीं राहूं देऊं नये. कृत्रिम धाग्याच्या साड्या कितीही सुंदर असल्या तरी बाळाच्या वाकळेस घेऊं नयेत; त्या घाम शोषीत नाहींत, आणि ठिणगी पडली तर वितळून अंगास चिकटतात.

एखादा तुकडा नवा घ्यावा लागला तर? येथें आम्हांस मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांतील जुन्या वस्त्रावरील नव्या ठिगळाचा दृष्टांत आठवतो. सेमिनरींत या दृष्टांताचा गूढार्थ आम्हीं मन लावून अभ्यासिला व त्यावर परीक्षाही दिली. परंतु तो दृष्टांत आधीं शिवणकामांतलें सत्य आहे, हें आम्हांस फार उशिरां उमगलें. कोरें सुती कापड पहिल्या धुण्यास आटतें. जुनें आटून चुकलेलें असतें. नवें आटतांना जुन्यास ओढतें आणि टांक्याच्या कडेनें जुनें फाटतें. प्रभूनें हें नाझरेथच्या घरीं आपल्या मातेच्या हातीं पाहिलें असावें असें आम्हांस वाटतें. म्हणून नवा तुकडा दोनतीनदां कढत पाण्यांत धुवून, उन्हांत वाळवून, मगच घ्यावा. जुन्या कापडाचीही खळ काढावी, आणि लाल व निळ्या तुकड्यांवर ओलें पांढरें फडकें घासून रंग सुटतो कीं काय तें पाहावें.

नऊवारी लुगड्याचे एकेक वाराचे नऊ तुकडे होतात व पन्हा सुमारें सव्वा वार असतो. म्हणजे प्रत्येक तुकडा बाळाच्या वाकळेस बेताचा. नऊही थर एकींत घालण्याचा मोह होतो. तो आवरावा. आपल्याकडे जूनमध्यें पाऊस लागला कीं जाड वाकळ वाळत नाहीं. वरून कोरडी व पोटांत ओली राहते, तिला वास येतो, आणि दोरा आंतल्या आंत कुजतो. मुलाची वाकळ वारंवार धुवावी लागणार. तेव्हां चार थर पुरे. एक विरलेला तुकडा सोडला तरी एका लुगड्यांत दोन वाकळा निघतात. एक दोरीवर वाळत असतां दुसरी बाळाजवळ. सर्व थरांचा उभा धागा एकाच दिशेस ठेवावा, नाहींतर धुतल्यावर वाकळ वेडीवांकडी होते. जमिनीवर पसरून, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवून, हातानें सुरकुत्या काढून आधीं लांब टांक्यांनीं टाचून घ्यावी.

मग धावदोरा. कडेपासून आंत, फेऱ्यांमागून फेऱ्या घालीत मध्यापर्यंत यावें. दोन ओळींत आंगठ्याइतकें अंतर असावें. टांका लहान असावा, कारण लांब टांक्यांत बाळाचीं बोटें अडकतात. गांठ थरांच्या पोटांत लपवावी. दोरा सुती व दुपदरी घ्यावा आणि मेणावरून ओढून घ्यावा. तो गुंतत नाहीं व लवकर झिजतही नाहीं. वेदीवरच्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे आमच्याकडे पुष्कळ आहेत, ते खुशाल मागून न्यावे.

याच रीतीनें कर्नाटकांतील हल्याळ व येल्लापूर या भागांतल्या सिद्दी भगिनी कवंदी शिवतात. हे लोक मूळचे आफ्रिकेचे. त्यांत कॅथलिक आहेत, मुसलमान आहेत व हिंदूही आहेत. त्याही जुन्या कपड्यांचे तुकडे घेऊन एका कोपऱ्यापासून कडेकडेनें आंत शिवीत जातात, आणि शेवटीं चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांचीं फुलें बसवितात. फुलांवांचून कवंदी त्यांना उघडीनागडी वाटते. कांहीं कॅथलिक सिद्दी स्त्रिया तींत क्रूसाची आकृतीही शिवतात. आपल्याकडील कोणी बाप्तिस्म्याच्या वाकळेंत तसें करील तर आम्हांस आनंदच होईल.

एक सूचना मात्र विसरूं नका. मूल वर्षाचें होईपर्यंत त्यास झोपेंत सैल पांघरूण घालूं नये, तें तोंडावर येऊन श्वास कोंडतो, असें आजचें वैद्यकशास्त्र सांगतें. तेव्हां पहिलें वर्ष वाकळ बाळाखालीं सपाट पसरावी व बाळास उताणें निजवावें. किंवा मूल जागें असतां मांडीवर, अंगणांत तिचा उपयोग करावा. पांघरण्याचे दिवस पुढें आहेतच. मूल वाढलें कीं वाकळही चोहों बाजूंनीं पट्ट्या जोडून वाढवितां येते.

आमची तशीच वाढविली होती. आम्ही सेमिनरींत निघालों तेव्हां आईनें ती बरोबर दिली. पोटांत वडिलांचीं धोतरें, वर आजीचें हिरवें लुगडें, कडेस लाल कांठ. निजण्याच्या दालनांत इतरांच्या खाटांवर विकतचे रग होते. आम्हांस लाज वाटली. पहिल्या महिन्यांतच आम्हीं ती रखवालदारास देऊन टाकली आणि हें दानधर्म आहे अशी स्वतःची समजूत घातली. सुटींत आईनें गोधडीविषयीं विचारलें. फाटली, असें आम्हीं सांगितलें. ती रागावली नाहीं. तिनें इतकेंच विचारलें, "कुठं फाटली? टाक्यात का कापडात?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

गुरुदीक्षेनंतर कांहीं वर्षांनीं त्या ठिकाणीं जाण्याचा प्रसंग आला. रखवालदाराच्या खोलीपुढें त्याचें नातवंड एका गोधडीवर निजलें होतें. एका कोपऱ्यास त्याच्या जुन्या गणवेशाचें खाकी ठिगळ होतें. बाकी तीच हिरवी, तोच लाल कांठ. आम्हीं वांकून कड उलटून पाहिली. हिरवें कापड दोन ठिकाणीं विरलें होतें. आईचा टांका एकही सुटला नव्हता. तें तिला सांगावें तर ती तोंवर राहिली नव्हती.

असो. प्रेषितांच्या कृत्यांत यापो गांवच्या तबीथेची हकीकत आहे. ती वारल्यावर विधवा स्त्रियांनीं पेत्रास तिच्या गुणांचें वर्णन ऐकविण्यापेक्षां तिनें शिवलेले कपडे दाखविले. आपल्या घरांत ज्या वारल्या त्यांचे कपडे पेटींत कुलुपबंद ठेवणाऱ्याही कित्येक जणी येथें आहेत; दुःख ताजें असतां पेटी उघडवत नाहीं, हें आम्ही जाणतों. त्यांनीं घाई करूं नये. परंतु पेटी उघडाल तेव्हां बोहारणीस हांक मारण्यापूर्वीं घरांत किंवा शेजारीं पाळणा हालत आहे काय, तें पाहावें.

पुढील रविवारीं पवित्र मिस्सेनंतर चर्चच्या ओसरीवर वाकळा शिवावयास बसूं. या वर्षीं आपल्या धर्मग्रामांत ज्या बाळांचा बाप्तिस्मा होईल, त्यांतल्या ज्यांच्या घरीं आजी नाहीं त्यांस पहिल्या वाकळा द्याव्यात असा विचार आहे. जुनें सुती कापड स्वच्छ धुवून आणावें. सुया, दोरा व मेण आम्ही ठेवूं. पाटा-वरवंटा मात्र कोणाच्या तरी घरून आणावा लागेल.