मेणाच्या ठोकळ्यातलं निदान

कर्जत-खालापुरातून टाटा रुग्णालयाकडे निघालेल्या लोकांच्या पिशवीत काचपट्ट्या आणि मेणाचा छोटा ठोकळा असतो. लॅबवाले त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. त्या मेणात गाठीचा तुकडा बसवलेला असतो.

उदाहरणार्थ, अंडाशयाच्या कर्करोगात पोट फुगतं, दोन घासांत भरल्यासारखं वाटतं, वारंवार लघवीला होते. म्हणून पित्तावर, गॅसवर औषधं चालू राहतात. रक्तातलं सीए-१२५ हे प्रथिन ३५ युनिटच्या वर गेलं की घरात रडारड सुरू होते. पण ते पोटाच्या क्षयरोगातही वाढतं, पाळीच्या दिवसांतही. त्या एका आकड्यावर निदान ठरत नाही.

ठरतं ते बहुधा ठोकळ्यावरून. त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढतात. विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडं त्यावर सोडतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. पॅक्स-८ आणि डब्ल्यूटी-१ ही दोन्ही प्रथिनं रंगली, तर गाठ अंडाशय किंवा बीजवाहिनीकडची असण्याची शक्यता बळावते; जठर-आतड्यातून पसरलेली नसावी. पी-५३ची गंमत वेगळी: उच्च श्रेणीच्या ‘सिरस’ प्रकारच्या अंडाशय-कर्करोगात ते बहुतेक वेळा जवळपास सगळ्या पेशींत गडद दिसतं, नाहीतर अजिबात दिसत नाही. दोन्ही बिघाडच. अहवालात ‘निगेटिव्ह’ वाचून पेढे वाटू नका, डॉक्टरांना विचारा.

आणि तो ठोकळा उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.