आईची परकी भाषा
(उदगीर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या भाषणाचा विषय पत्रिकेत 'घरच्या घरी, हसतखेळत परकी भाषा' असा छापलाय. तो वाचून मघाशी एकीने मला विचारलं, "ताई, भाकरी थापायची का भाषा शिकायची?" प्रश्न अगदी बरोबर आहे. माझं उत्तर असं, की दोन्ही करायचं, पण दोन्हीपैकी काहीच एकटीने करायचं नाही. हे कसं, ते पुढे सांगते.

आधी परकी भाषा कुणाला म्हणायचं ते ठरवू. आपलं उदगीर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होतं. राज्यं भाषेवर पाडली, बीदर कर्नाटकात गेलं आणि आपण महाराष्ट्राकडे आलो. नकाशावर रेघ ओढली गेली, पण सोयरिकी थांबल्या नाहीत. आजही भालकी, औराद, बीदरकडच्या मुली आपल्याकडे सुना म्हणून येतात, तिकडे देगलूरला तेलुगू बोलणाऱ्या येतात. रेघ ओलांडून येते ती बाई, आणि येताना ती भाषा घेऊन येते. त्या भाषेचं सासरी पुढे काय होतं?

माझ्या घरचंच सांगते. माझी आई भालकी तालुक्यातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी जेमतेम यायचं. आजी म्हणायची, "तुझ्या त्या बोलीत बोलू नको, आमच्याबद्दल काय बोलतीस ते कळत नाही." आई गप्प झाली. पुढे मराठी बोलू लागली, आमच्याशी मराठीच बोलली. कन्नड फक्त मामा आला की, तेही हळू आवाजात. आम्हा भावंडांना त्यातलं 'बा' म्हणजे ये आणि 'नीरु' म्हणजे पाणी, एवढंच कळायचं. आम्ही त्या बोलण्याला हसायचो.

मी एम.एस.डब्ल्यू. झाले त्याच वर्षी मामाने आईला कागदावर अंगठा द्यायला बोलावलं. मी सोबत गेले. कागद कन्नडमध्ये. आईला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. मला वाचता येतं ते मराठी, हिंदी, इंग्रजी. मी विचारलं, "कशाचा कागद?" मामा म्हणाला, "नावं लावायची आहेत." मी आईला म्हटलं, "दे की अंगठा, मामाच आहे." ते हक्कसोडपत्र होतं. आजोबांच्या जमिनीतला आईचा वाटा तिने सोडला, असं त्यात लिहिलेलं. कायद्याने २००५ पासून साऱ्या देशात मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे. कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच आपापल्या कायद्यात तशी सुधारणा केली होती. हे मी परीक्षेत लिहून आले होते. आई मला नंतर एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तू शिकलेली, तू वाचलं असशील."

भाषा आमच्या घरात होती. निम्मी आईच्या तोंडात होती. उरलेली निम्मी, म्हणजे अक्षरं, मी शिकू शकले असते. आम्ही दोघी मिळून तो कागद वाचू शकलो असतो. म्हणून मी हा विषय घेऊन आले आहे.

आता शिकायचं कसं? आपल्या पोरांना विचारा, विटी-दांडू खेळताना कसं मोजतात. वकट, लेंड, मूंड, नाल. हे काय आहे? तेलुगूत एक-दोन-तीन-चारला म्हणतात ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. शाळा नाही, पुस्तक नाही, छडी नाही, आणि पिढ्यान् पिढ्या पोरं परक्या भाषेत मोजतायत. खेळातून भाषा टिकते याला आणखी पुरावा नको.

आमच्या वस्तीत पाच-सहा घरांनी काही खेळ केले. ते सांगते.

पहिला खेळ भाकरीचा. ताटात भाकरी पडली की नव्या भाषेत आकडा म्हणायचा. कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. एका मैत्रिणीचा नवरा आखातात कामाला आहे, तिची मुलं वडिलांना फोनवर विचारून अरबीत मोजतात. जो चुकेल त्याने पुढची भाकरी थापायची. वाकडी झाली तरी ती त्यानेच खायची.

दुसरा खेळ हुकमाचा. आईने तिच्या भाषेत सांगायचं, बाकीच्यांनी करायचं. 'नीरु ता' म्हटलं की पाणी आणायचं. बोलायची सक्ती नाही, ऐकून फक्त कृती करायची. जेम्स अशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हीच पद्धत मांडली. तान्हं मूल आधी ऐकतं, हातपाय हलवून समजल्याचं दाखवतं, बोलतं मागाहून. मोठ्यांनीही तसंच शिकावं, असं त्याचं म्हणणं. आमच्याकडे या खेळाचा आणखी एक फायदा झाला. जन्मात तांब्या न उचललेले पुरुष पाणी आणायला उठले.

तिसरा खेळ स्टँडवरचा. उदगीरच्या स्टँडवर कर्नाटकच्या गाड्या लागतात. पाटीवरचं 'बीदर' कन्नडमध्ये कसं दिसतं ते पोरांनी कागदावर उतरवून आणायचं. घरी आईने गावांची नावं सांगायची, मुलांनी अक्षरं जुळवायची. आई उच्चार सांगते, लेकरू अक्षर ओळखतं. दोघांपैकी एकाचंही दुसऱ्यावाचून भागत नाही.

चौथा खेळ 'परकं कोण?'. स्वयंपाकघरातले शब्द शोधायचे. बटाटा, पाव, चावी पोर्तुगिजांकडून आले. दुकान आणि हिशोब मुळात अरबी. अक्का, अण्णा आपले तसेच कन्नडचेही. खेळता खेळता पोरांना कळतं, की शुद्ध आपलं असं फार थोडं असतं. आणि मग आईच्या बोलीला कुणी हसत नाही.

इंग्रजीचं काय, असं तुम्ही विचाराल. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ती पाचवीत यायची, आणि आपल्यातल्या कित्येकींची शाळा तिथवर गेलीच नाही. म्हणून मुलगा वही झाकून म्हणतो, "तुला काय कळतंय?" तर त्याच्याशी सौदा करा. त्याने रोज तीन इंग्रजी शब्द शिकवायचे, तुम्ही तुमच्या माहेरचे तीन. तो तुमचा मास्तर, तुम्ही त्याच्या. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये मुलांनाच विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकायची? यंत्रमानवांचं वेड असलेल्या पोरांनी जपानी निवडली, शिकली आणि एकमेकांना शिकवली. खेड्यातल्या पोरांना जमतं, तर त्यांच्या आयांना का नाही?

मात्र 'हसतखेळत' या शब्दावर मी अडून बसणार आहे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, याचा आपल्याला अभिमान आहे. पण गोपाळरावांनी शिकवताना लहानपणी आपल्याला मारलं, हे त्यांनीच पुढे पत्रात लिहिलंय. रमाबाई रानडे इंग्रजी शिकू लागल्या तर घरातल्याच बायकांनी त्यांना टोमण्यांनी जेरीस आणलं. उलट पंडिता रमाबाईंच्या घरी वडिलांनी आईला संस्कृत शिकवलं आणि आईने लेकीला. भटक्या, दरिद्री संसारात हे चालू होतं. ती लेक पुढे ग्रीक आणि हिब्रू शिकून बायबल मराठीत आणू शकली. घर मारकं होतं तसं तारकंही होतं. म्हणून आमच्या खेळांना दोन नियम आहेत. चुकणाऱ्याला हसायचं नाही. आणि संध्याकाळी आई खेळायला बसणार असेल, तर भांडी दुसऱ्या कुणीतरी घासायची. दुसरा नियम पाळला गेला नाही, तर पहिल्याला काही अर्थ राहत नाही.

माझी आई आता साठीची आहे. गेला वाटा अजून परत आलेला नाही, वकिलाकडे खेटे चालू आहेत. पण रोज रात्री आम्ही दोघी कन्नड बाराखडी गिरवतो. परवा एक जुना पहाणीचा उतारा समोर होता. मी अक्षर अक्षर जुळवत होते, ती ऐकत होती. एका शब्दाशी तिने मला थांबवलं आणि म्हणाली, "हे माझ्या बापाचं नाव."

आज घरी गेल्यावर सासूला, सुनेला, जावेला एवढंच विचारा, "तुझ्या माहेरी पाण्याला काय म्हणतात?" आणि उत्तर आलं की हसू नका. पाणी आणा.