वाद शैलीचा नाही, तळमजल्याचा



मुंबईतलं जुनं आणि नवं स्थापत्य हा आपल्या परिषदेचा विषय. त्यावर बोलायला उभं राहिलं, की आपण एकतर जुन्याची बाजू घेतो, नाहीतर नव्याची. हा वाद आपण भलत्याच जागी लढतोय, असं माझं स्पष्ट मत आहे. ओव्हल मैदानावर उभं राहिलं की ते लगेच पटतं.

मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर. १८६०च्या दशकात किल्ल्याचे तट पाडले गेले आणि मोकळ्या झालेल्या जागेत ही गॉथिक रांग उभी राहिली. तेव्हा तिच्यासमोर बॅक बेचा समुद्र होता. पुढे भराव पडला आणि १९३०च्या दशकात पश्चिमेला आर्ट डेको इमारती आल्या. नव्या पिढीनं जुन्या इमारतींच्या पुढ्यातला समुद्रच काढून घेतला. याहून मोठी कुरघोडी कोणती? तरीही २०१८ साली युनेस्कोनं दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारसा ठरवलं.

शैलीत दोघींचं काडीचंही साम्य नाही. एकीकडे दगडी कमानी, आणि राजाबाई टॉवरवर मुकुंद रामचंद्र यांनी घडवलेल्या, पश्चिम भारतातल्या नाना जातीजमातींच्या मूर्ती. दुसरीकडे आरसीसी, गोलाकार कोपरे, खिडक्यांवरून लांब धावणारे छज्जे. या रांगेतलं एम्प्रेस कोर्ट वास्तुकार गजानन म्हात्रे यांचं.  दोन्ही रांगा एकमेकींना शोभतात, कारण मधलं मैदान मोकळं राहिलं आणि पश्चिमेच्या इमारतींनी एकमेकींची उंची व रेषा सांभाळली.

दादाभाई नौरोजी मार्गाचंही तेच. तिथे १८९६च्या नियमानं तळमजल्यावर कमानींची वाट सक्तीची झाली. मालक वेगळे, वास्तुकार वेगळे, कुठे गॉथिक तर कुठे निओक्लासिकल; पण भर पावसात माणूस त्या कमानींखालून कोरडा चालत जातो. मालकानं आपल्या जागेतला एक पट्टा शहराला वापरायला दिलाय, आणि शहर तो अजून वापरतंय.

आता परळ-लोअर परळला या. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे आहेत. खाली पार्किंगचं कित्येक मजल्यांचं पोडियम, त्याला जाळी, मग कुंपणाची भिंत, फाटक, सिक्युरिटीची केबिन. शेजारून चालणाऱ्याला ना दुकान, ना ओटा, ना सावली. नियमाप्रमाणे लागणारं पार्किंग एफएसआयमध्ये धरलं जात नाही आणि तळघर खणणं महाग पडतं, म्हणून गाड्या वर चढतात. बिल्डरचा हिशेब मला समजतो. पण ती भिंत कागदावर आपण वास्तुकारच काढतो.

उंचीला माझा विरोध नाही. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत, सामाईक संडासाच्या रांगेत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना आता टॉवरमध्ये स्वतंत्र घर मिळतंय. त्यांना चाळीच्या गॅलरीचं कौतुक ऐकवण्याचा आपल्याला अधिकार नाही. मात्र त्या गॅलरीत उभं राहून खालच्या भाजीवाल्याशी बोलता येत होतं, रस्त्यावरच्या पोरांना दटावता येत होतं. चाळिसाव्या मजल्यावरून ते होणार नाही, म्हणून ते काम तळमजल्यावर सोपवलं पाहिजे.

१९९५च्या हेरिटेज नियमावलीनं इमारती श्रेणी देऊन वाचवल्या, आणि ते फार मोठं काम झालं. पण तिथेच आपण थांबलो. जुन्या इमारतींचं जतन केलं. ज्या नियमांमुळे त्यांचे रस्ते घडले, ते नियम मात्र नव्या वस्त्यांना लावले नाहीत.

म्हणून या परिषदेनं एक ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. पोडियमच्या रस्त्याकडच्या बाजूला दुकानं, दवाखाने, वाचनालयं यावीत. गाड्या मागे जाव्यात. आणि पुनर्विकासाच्या प्रत्येक मोठ्या योजनेत फुटपाथला लागून छपराखालची वाट सक्तीची व्हावी. मसुदा आपल्यापुढे ठेवला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर कसून चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा आणि तो आजच महापालिकेकडे पाठवा.