गुडघे दुखतात म्हणून बसून राहू नका

(मंडळाच्या मासिक सभेत ज्येष्ठ सभासदांसमोर झालेले भाषण)



आपल्या ग्वाल्हेरचे सुपुत्र अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा डावा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कला नावाजले, पण शिकले ते आपल्या इंदूरच्या मेडिकल कॉलेजात. तेव्हापासून ‘गुडघा बदलणे’ हा शब्द घरोघरी पोहोचला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादाही घातली. ज्यांना खरी गरज आहे त्यांनी ही शस्त्रक्रिया जरूर करून घ्यावी. परंतु दुखणे सुरू झाल्यापासून त्या टोकापर्यंत पोहोचायला बहुधा अनेक वर्षे जातात, आणि पुष्कळांना तर तिची गरजच पडत नाही. ही मधली वर्षे आपण कशी घालवतो? बहुतेक जण बसून घालवतात. त्या बसण्याविरुद्धच मला आज बोलायचे आहे.

“गुडघे झिजले, आता जपून वापरा,” असे आपण एकमेकांना सांगतो. गुडघा म्हणजे काही सायकलचा टायर नव्हे. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते आणि तो द्रव हालचालीमुळेच आतबाहेर होतो. शिवाय चालताना बसणारे धक्के मांडीचा पुढचा स्नायू झेलतो. दुखते म्हणून आपण बसलो की हा स्नायू रोडावतो, तो रोडावला की धक्के सांध्यावर येतात आणि दुखणे वाढते. हे चक्र तोडायचे तर मांडी व नितंब यांची ताकद वाढवली पाहिजे.

“या वयात कसली ताकद?” असे कोणी म्हणेल. १९९० साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षे वयाच्या १० जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी अडीच पटींहून जास्त झाली. आपल्यातले बहुतेक जण त्यांच्यापेक्षा तरुण आहेत. आणि फार जड वजन उचलण्याची गरजही नाही. गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांवर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जड वजनाच्या व्यायामाने हलक्या वजनापेक्षा दुखणे जास्त कमी झाल्याचे दिसले नाही. तेव्हा हलक्याने सुरू करा, पण सुरू करा.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो.

पहिला व्यायाम. पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. पाच आकडे मोजा, सोडा. असे दहा वेळा.

दुसरा. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करा, थोडा थांबवा, सावकाश खाली आणा. दहा वेळा, मग दुसरा पाय. हे सोपे वाटू लागले की घोट्याला अर्धा किलो वाळूची पिशवी बांधा, पुढे एक किलो.

तिसरा म्हणजे आखाड्यातल्या बैठकांचे आपल्या वयाला झेपणारे रूप. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून उठायचे आणि सावकाश बसायचे. जड गेले तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा, हातांचा आधार घ्या. पाच वेळांपासून दहापर्यंत जा. पूर्ण बैठका आणि वज्रासन तूर्त नको.

चौथा. ओट्याला धरून टाचा वर उचला, हळूच टेकवा. दहा वेळा.

हे सर्व आठवड्यातून दोन-तीन दिवस करावे, मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा. श्वास रोखू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, तेवढा धीर धरा.

दुखले तर? दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत दुखले आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाले, तर काळजी नको. त्याहून जास्त दुखले किंवा सूज आली, तर व्यायाम सोडू नका. वजन आणि संख्या निम्मी करा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि कठडा धरायचा. वजन जास्त असेल तर एक किलो घटवल्याने प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो.

मात्र गुडघा लाल व गरम झाला, ताप आला, सांधा अडकला, पोटरी अचानक सुजली किंवा पडल्यानंतर पाय टेकवत नसेल, तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा. आमवाताचे सांधे भडकलेले असतील तेव्हा विश्रांती घ्यावी आणि ते शांत झाल्यावर डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरुवात करावी. हृदयविकार असणाऱ्यांनीही आधी विचारावे.

हे सगळे मंडळाच्या सभेत कशासाठी? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मतदानाची सोय होती. पंचाहत्तरीचे आपण मात्र रांगेतच उभे. महापालिकेत निवेदन द्यायला जायचे तर जिने चढावे लागतात. आपली सभाही पहिल्या मजल्यावर भरते आणि दरवर्षी काही ओळखीचे चेहरे तिथून कमी होतात. त्यांचे मत बदललेले नसते, पाय साथ देत नाहीत. अल्पसंख्य समाजाचा आवाज असा एकेका जिन्यावर कमी होतो.

म्हणून कार्यकारिणीपुढे दोन सूचना ठेवतो. सभा तळमजल्यावर घ्यावी आणि तिथेच आठवड्यातून दोनदा अर्धा तास खुर्चीचा व्यायामवर्ग चालवावा. शिकवायला मी येईन. दुसरी, पुढच्या महापालिका निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारावे की आमच्या वॉर्डातल्या कार्यालयांच्या जिन्यांना कठडे आणि बागांत टेकायला बाक कधी बसवणार? हा प्रश्न त्यांना घरात बसून नव्हे, समोर उभे राहून विचारू या.