येळवशीची खुशाली



नांदेडच्या दक्षिणेकडचे तालुके, सगळा लातूर जिल्हा आणि पुढे बिदरपर्यंतचा मुलूख मार्गशीर्षातली अमावस्या शेतात साजरी करतो. पंचांगात ती वेळ अमावस्या, आमच्या बोलण्यात येळवस. २०२५ मध्ये ती १९ डिसेंबरला झाली. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. शहरातले रस्ते ओस पडतात, कारण ज्याचं शेत आहे तो शेतात असतो आणि ज्याचं नाही तो दुसऱ्याच्या शेतात पाहुणा असतो.

माझं सासर मुदखेडचं, माहेर अहमदपूर तालुक्यातलं. दिवाळीत आमचं माहेरचं घर अर्धंच भरतं. सुना आपल्या माहेरी जातात, लेकी भाऊबीज करून दुसऱ्या दिवशी परततात. सगळी माणसं एका जागी बसतात ती येळवशीलाच. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी राहते, आत चुन्यानं रंगवलेले पांडव मांडतात, पूजा होते, शिवारभर आंबील शिंपडतात. मग भज्जी, उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याची पोळी. आणि जेवणं आटोपली की आंब्याखाली बसून ज्यानं त्यानं आपलं वर्ष सांगायचं. ही रीत माझ्या आजोबांनी घातली.

त्यांचा एकच आग्रह असे. मोठ्या बातम्या सांगू नका, त्या आम्हाला कळल्यात. लग्न, बारसं, नोकरी, मयत हे सगळं आधीच कानावर आलेलं असतं. मधले दिवस कसे गेले ते सांगा.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरच्या येळवशीला आमच्या शेतात औसा तालुक्यातले आमचे सोयरे आले होते. त्यांचं घर पडलं होतं, पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. ज्याला त्याला भूकंपाचं विचारायचं होतं. आजोबांनी विचारलं ते वेगळंच. म्हैस कुठं बांधता? चुलीला सरपण मिळतं का? लेकरं शाळेत बसतात का? सोयऱ्यांच्या घरातल्या बाईंनी एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा सलग बोलायला सुरुवात केली, असं माझी माय आजही सांगते. मी तेव्हा लहान होते, पण ही गोष्ट मी दर वर्षी ऐकली आहे आणि मला ती दर वर्षी ऐकायची असते.

आता फोन आहेत, घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी फुलांचं चित्र येतं, वाढदिवसाला केक येतो. ‘कसं चाललंय?’ विचारलं की ‘बरं चाललंय’ एवढंच येतं. २०२५ च्या ऑगस्टच्या १८ तारखेला मात्र माझा फोन दिवसभर थांबला नाही. मुखेड तालुक्यात ढगफुटी झाली होती, हसनाळ, रावणगाव पाण्याखाली गेली होती, माणसं दगावली होती. पुण्या-मुंबईच्या नातलगांनी मुखेड ऐकलं आणि त्यांना मुदखेड वाटलं. मी प्रत्येकाला सांगत होते, की ते मुखेड, नांदेडच्या पलीकडं, कर्नाटकाच्या अंगाला; आम्ही इकडं भोकरच्या बाजूला, आम्ही सुखरूप आहोत. हे सांगताना जीव घाबरा होत होता, कारण तिकडचीही माणसं आपलीच. पण सुखरूप म्हणजे काय, हे त्या दिवशी फोनवर कुणाला सांगता आलं नाही. ते मी येळवशीला सांगितलं. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. जे हाती आलं ते डागी निघालं. २०२५ च्या हंगामात सरकारचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आणि डागी मालाला व्यापाऱ्याचा दर त्याच्या कितीतरी खाली. झेंडू दसऱ्याच्या आधीच सडला. मुदखेडच्या फुलांवर आमच्यासारखी कितीतरी घरं चालतात. फूल गेलं की दसरा-दिवाळीचा पैसा जातो आणि पोराच्या वसतिगृहाची फी उसनी काढावी लागते. मोगऱ्याची झाडं तेवढी तगली. हळदीच्या कंदांना थोडी कूज लागली आहे, काढल्यावर कळेल.

दादानं त्याचं सांगितलं. पाणी ओसरल्यावर त्यानं हरभरा पेरला, ज्वारी फक्त बांधालगत दोन पट्टे. सोयाबीन आलं तशी ज्वारी मागं हटत गेली. कोपीला लागणारा कडबासुद्धा आता शेजारच्या शिवारातून मागून आणावा लागतो. मुंबईचा चुलतभाऊ यंदा वंदे भारतनं नांदेडपर्यंत आला. ऑगस्टच्या शेवटी ती गाडी जालन्याहून नांदेडपर्यंत वाढली. त्याच्या मुलाची परीक्षा दुसऱ्यांदा गेली, हे त्यानं सर्वांसमोर सांगितलं, आणि मुलगा शेजारीच बसलेला असूनही कुणी त्याला उपदेश केला नाही. आत्यानं साखर वाढल्याचं सांगितलं, मग पायात मुंग्या येतात ते सांगितलं, मग डॉक्टरकडं गेली नाही हेही सांगितलं. नात दुसऱ्याच दिवशी तिला अहमदपूरला घेऊन गेली. ‘बरं चाललंय’ या उत्तरातून हे कधीच निघालं नसतं.

येळवशीसाठी मुदखेडहून अहमदपूरला जाताना नांदेडनंतर लोहा लागतं आणि पुढं माळेगाव. खंडोबाची यात्रा नेमकी याच दिवसांत भरते, त्यामुळं एसटी तासन्‌तास अडकते. घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे तंबू हे सगळ्यांना माहीत आहे. पण माझे डोळे रस्त्याकडेच्या पालांवर असतात. वैदू, गोसावी, घिसाडी अशा कितीतरी भटक्या जमाती पिढ्यान्‌पिढ्या इथं वर्षातून एकदा भेटत आल्या. त्यांच्या जातपंचायती इथंच बसत, सोयरिकी इथंच जुळत, भांडणं इथंच मिटत. ज्यांना घराचा पत्ता नव्हता, पोस्टमन ज्यांच्या पालापर्यंत कधी पोचला नाही, त्यांनी आपली वर्षाची खुशाली एकमेकांना या माळावर दिली. कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाचं जनावर मेलं, कुठल्या गावानं थांबू दिलं नाही. जातपंचायतींनी बायांवर केलेले अन्याय मला ठाऊक आहेत आणि त्यांची भलामण मला करायची नाही. पण वर्षभर विखुरलेल्या माणसांनी ठरल्या तिथीला, ठरल्या जागी येऊन भेटायचं, हे त्यांनी जपलं. दारात एसटी थांबणाऱ्या आपल्या घरांना ते जमत नाही, याचं मला वाईट वाटतं.

एक गोष्ट आम्ही तीन-चार वर्षांपासून बदलली, ती मुद्दाम सांगते. येळवशीचा स्वयंपाक मध्यरात्रीपासून सुरू होतो. भज्जीसाठी ओले दाणे सोलायचे, चिंच कोळायची, उंडे वळायचे, पोळ्यांचा ढीग करायचा आणि उजाडल्यावर ते सारं डोक्यावर घेऊन शेत गाठायचं. मग वाढणं, मग उष्टी काढणं. सांगण्याची पाळी बायांवर येईपर्यंत सूर्य कलायचा आणि भावजय म्हणायची, ‘माझं काय सांगायचंय, तुमचंच ते माझं.’ आता वर्ष बायाच आधी सांगतात, जेवणाच्या अगोदर, आणि पानं पुरुष मांडतात. त्यातून कळलं, की भावजयीनं बचत गटाच्या कर्जावर पिठाची गिरणी घेतली आणि सात महिन्यांत एकही हप्ता चुकवला नाही. दादाला गिरणी माहीत होती, हप्त्यांचा हिशेब माहीत नव्हता. जाऊबाईंनी रात्रशाळेचा अर्ज भरल्याचंही त्याच ठिकाणी बाहेर आलं. या बाबतीत मी ठाम आहे: जिनं रांधलं तिचं आधी ऐकावं.

यंदा उठताना मायनं पंचांग काढायला लावलं. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यानंतरचे सगळे सण पुढं सरकणार. पुढची येळवस २०२७ च्या जानेवारीत पडते. म्हणजे कॅलेंडरच्या अख्ख्या २०२६ सालात येळवस नाहीच. माय ऐंशीच्या पुढची आहे. ती म्हणाली, ‘एवढं लांब मला नको, माय.’ म्हणून दादानं तिथंच ठरवलं, की हळद निघाली की मार्चमध्ये सगळ्यांनी एक दिवस मुदखेडला यायचं. आंबील मी करणार आहे.